लग्नाच्या आदल्या दिवशी सुरू न केलेली ५०० एसईएल

गाडी सकाळी नऊला आली ती पॉलिश, टायरमधली हवा आणि एसीचा गॅस एवढ्याच कामासाठी. दुसऱ्या दिवशी मालकांच्या मुलीचे लग्न होते आणि नवरीला कार्यालयात याच गाडीतून आणायचे ठरले होते. १९८४ची मर्सिडीझ ५०० एसईएल, रनिंग ८८ हजार. चावी हातात देताना चालवणारे काका सहज म्हणाले, "सकाळी पहिल्या सेल्फला दोन सेकंद खडखडते, मग गप्प होते. वयच झालंय तिचं."

ते ऐकले आणि गॅसचे काम बाजूला ठेवले. "काका, आता सेल्फ मारू नका. गाडी ढकलूनच आत घेऊ."

या इंजिनात त्या दोन सेकंदांच्या आवाजाला फार अर्थ आहे. ५०० एसईएलमधले एम ११७ हे आठ सिलिंडरचे, ४,९७३ सीसीचे इंजिन. दोन्ही हेडवरचे (सिलिंडरांवरच्या झाकणांवरचे) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, एकाच लांबलचक दुहेरी टायमिंग चेनवर फिरतात. क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, चेनला डाव्या बाजूने खाली ओढतो, त्यामुळे ताणाची बाजू डावी आणि ढिली बाजू उजवी. म्हणून चेन ताणून धरणारा टेन्शनर उजवीकडे बसवलेला असतो. हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातले ऑइल हळूहळू निथळते. सकाळी प्रेशर चढेपर्यंत चेन सैल असते आणि वरच्या गाईड रेलवर, म्हणजे चेनला वाट देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटत राहते. रेल चांगली असेल तर ती हा मार सोसते. पण उष्ण ऑइलमध्ये वर्षानुवर्षे शिजून ती काचेसारखी ठिसूळ झाली असेल, तर एखाद्या सकाळी तिचा तुकडा उडतो. हा तुकडा चेन आणि स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) मध्ये सापडला तर चेन दात सोडते. मग उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह सोळा आहेत.

बॉनेट सरळ उभे केले. या मॉडेलमध्ये ते नव्वद अंशांपर्यंत उघडून तसेच अडकवता येते, त्यामुळे माणूस इंजिनावर हवा तेवढा ओणवा होऊ शकतो. एअर फिल्टरचे भांडे उचलले, प्लगच्या वायरींना नंबर लावून त्या सोडवल्या आणि डावे टॅपेट कव्हर काढले. आधी डावेच, कारण वरच्या तीन गाईड रेलपैकी दोन डाव्या हेडमध्ये आहेत आणि तुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

टॉर्च मारला. आतल्या बाजूच्या रेलचा वरचा भाग जागेवर नव्हता. एक तुकडा चेनच्या शेजारी हेडच्या खळग्यात आडवा पडला होता, नखाएवढा, कडा धारदार. नवी असताना ही रेल दुधी रंगाची असते, ही कडक चहासारखी तपकिरी झाली होती. राहिलेला भाग चिमट्याने जरा दाबला तर कट् असा आवाज करून तोही तुटला.

मग चेन वापराने किती लांबली आहे ते मोजले. क्रँकच्या बोल्टला २७चा सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवायचे, फक्त चालते त्याच दिशेने. उलटे फिरवले तर ढिल्या बाजूचा ताण जातो आणि चेन दात सोडू शकते. कॅमच्या वॉशरवरची खाच बेअरिंगच्या खुणेसमोर आली की थांबायचे आणि क्रँकच्या टोकाच्या डॅम्पर पुलीवरचे अंश वाचायचे. चेन नवी असेल तर दोन-तीन अंशांचा फरक येतो. इथे डाव्या कॅमला आठ आणि उजव्याला दहा आले. उजव्या कॅमपर्यंत पोचेस्तोवर चेनच्या ताणलेल्या कड्या जास्त मोजल्या जातात, म्हणून त्या बाजूला फरक थोडा अधिक दिसतो. फरक चार-पाच अंशांचाच असेल तर कॅमवर तिरकी की (स्प्रॉकेट कॅमला अडकवणारी छोटी खुंटी) बसवून भागवतात. दहा अंशांना मात्र चेन बदलणे हाच उपाय.

दुपारी मालक आले. सगळे पाहिल्यावर त्यांनी विचारले, "चाळीस वर्षांत चेनला हात लावावा लागला नाही. उद्याच्या वीस किलोमीटरला काय होतंय?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या हिशेबाने ८८ हजार म्हणजे जेमतेम वापरलेली गाडी, आणि चेनची वेळ साधारण दीड लाखाला येते असे त्यांनी ऐकलेले. हा आकडा रोज पळणाऱ्या गाडीचा आहे. प्लास्टिक किलोमीटर मोजत नाही, ते गरम-थंड होण्याचे फेरे आणि वर्षे मोजते. उलट कमी चालणारी गाडी जास्त दिवस उभी राहते, तिचा टेन्शनर जास्त वेळा रिकामा होतो आणि ते दोन सेकंद तिच्या नशिबी जास्त वेळा येतात. "साहेब, वीस किलोमीटर ती कदाचित जाईलही," मी म्हणालो. "पण बिघडली तर पहिल्या सेल्फलाच बिघडेल, कार्यालयाच्या दारात." तुटलेली रेल त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बराच वेळ ती पाहिली आणि फोन काढून दुसरी गाडी सांगितली.

अशा गाडीसाठी एवढी धडपड का, हे तिची घडण पाहिल्यावर कळते. एस-क्लास हे नाव मर्सिडीझने अधिकृतपणे वापरले ते १९७२च्या डब्ल्यू ११६पासून. बॉशचे एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) १९७८मध्ये याच गाडीत आले. त्यानंतरची ही डब्ल्यू १२६ पिढी १९७९मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि चालकाच्या पुढची एअरबॅग तिच्यात दीड-दोन वर्षांतच मिळू लागली. तेलटंचाईचा तो काळ. अमेरिकेत कॅडिलॅकचे इंजिन १९७६पर्यंत ८.२ लिटरचे होते. १९७७मध्ये गाडीही आखूड झाली आणि इंजिनही सात लिटरवर आले. जर्मनांनी त्याच अडचणीतून वेगळी वाट काढली. मर्सिडीझचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या हाताखाली आकार वाऱ्याला सोपा केला, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३६ आला. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा केला. गाडी मात्र लहान दिसू दिली नाही. एसईएलची लांबी ५,१३५ मिलिमीटर, साध्या एसईपेक्षा १४ सेंटिमीटर जास्त, आणि ही सगळी वाढ मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी. दारांच्या खालच्या पट्ट्यावर आडव्या रेघा असतील तर गाडी १९८५च्या आधीची आणि पट्टा गुळगुळीत असेल तर नंतरची, हे लांबूनही ओळखता येते.

या गाडीचे मोठेपण मला लाकडी पट्टीत किंवा बॉनेटवरच्या चांदणीत दिसत नाही. ते सीट हलवण्याच्या बटणात आहे: बटणालाच सीटचा आकार दिलेला आहे, पाठीचा भाग मागे ढकलला की पाठ मागे जाते, शिकवावे लागत नाही. सीटच्या आत खऱ्या स्प्रिंगा आहेत, म्हणून लांबच्या प्रवासानंतर कंबर बोलत नाही. हलक्या पायाने सोडली तर गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये सुटते आणि मागच्या माणसाच्या हातातला चहा हलत नाही. उघडता, दुरुस्त करता, पुन्हा जोडता यावी अशाच हेतूने ती बांधलेली आहे. तिच्यात कच्चे म्हणावेत असे भाग थोडेच, आणि त्यांतले बरेचसे हे असे हातभर प्लास्टिक आहे. ते वेळेवर न बदलल्याने अख्खे इंजिन भंगारात जावे, याचे फार वाईट वाटते.

पुण्यात १९९५पासून मर्सिडीझ जुळवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे इथल्या पुष्कळ फिटरांचे हात या गाड्यांना सरावलेले आहेत. पण ते ई २२०सारख्या चार सिलिंडरच्या गाड्यांवर. या आठ सिलिंडरच्या रेल इथे कोणाच्या कपाटात नसतात. तिन्ही वरच्या रेल, टेन्शनरची लांब रेल, टेन्शनर, चेन, पॅकिंग असे सगळे जर्मनीहून मागवले. गाडी तेवढे दिवस झाकून उभी राहिली.

आधी तुटलेले तुकडे गोळा केले. प्लास्टिकला चुंबक लागत नाही, म्हणून लांब चिमटा आणि छोटा कॅमेरा पुढच्या कव्हरमध्ये सोडला. मिळालेले तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडून रेलचा आकार जुळवला, एक कोपरा कमी पडला. तो ऑइल चेंबरचा खालचा भाग उतरवल्यावर पंपाच्या जाळीपाशी सापडला. हे जुळवणे कधीही टाळू नये. न सापडलेला तुकडा पुढे पंप अडवू शकतो.

टेन्शनर काढायला आधी ऑल्टरनेटर आणि त्याचे ब्रॅकेट उतरावे लागते. रेल धरून ठेवणाऱ्या पिना स्लाइड हॅमरने ओढून काढल्या. परत बसवताना त्यांच्या कडेला सीलंट लावावे लागते, नाहीतर तिथून ऑइल झिरपते. सगळे प्लग काढले, म्हणजे क्रँक फिरवताना जोर लागत नाही. उजव्या हेडचे रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्हमधले आडवे दांडे) काढून ठेवले, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला अचानक झटका देत नाहीत. आत जाणारी प्रत्येक वाट फडक्यांनी बुजवली आणि उजव्या कॅमच्या स्प्रॉकेटवर जुन्या चेनची एक कडी ग्राइंडरने कापली.

नवी चेन जुन्याच्या डावीकडे जाणाऱ्या टोकाला जोडायची. एकाने क्रँक फिरवायचा, दुसऱ्याने नवी चेन आत सोडायची, तिसऱ्याने ढिल्या बाजूने वर येणारी जुनी चेन ताणून धरायची. तिघांपैकी एकाचाही हात सैल पडला तर चेन खालच्या स्प्रॉकेटवरून उचलली जाते आणि केलेले सगळे मुसळ केरात. म्हणून त्या अर्ध्या तासात कोणी फोन घेत नाही. शेवटची कडी क्लिपवाली घ्यायची नाही, रिव्हेट करायची. रिव्हेटचे डोके भिंगातून तपासले.

नवा टेन्शनर ऑइलमध्ये बुडवून सात-आठ वेळा दाबला, आतली हवा निघून तो कडक होईपर्यंत. कोरडा बसवला असता तर पहिल्याच सेल्फला तो जुनाच आवाज आला असता आणि नव्या रेलने मार खाल्ला असता. कॅमवर ऑइल सोडणाऱ्या नळ्यांची प्लास्टिकची टोकेही बदलली. ती निसटली की कॅमचे उंचवटे कोरडे फिरून झिजतात, आणि कव्हर उघडेच असताना हे काम दहा मिनिटांचे आहे. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. डाव्या बाजूला दोन अंश, उजव्या बाजूला तीन.

ऑइल नवे भरले, या इंजिनाला ते आठ लिटरच्या आसपास लागते. इग्निशन तोडून ठेवले आणि थोडे थोडे थांबत सेल्फ मारले, प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. मग इग्निशन जोडून गाडी सुरू केली. काटा थेट तीन बारवर जाऊन टेकला. गरम झाल्यावर आयडलला तो खाली येतो, ०.३च्या वर असला की चिंता नसते. इथे एकवर स्थिर होता. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळची, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी काकांनाच सेल्फ मारायला सांगितले. त्यांनी काच खाली करून कान बाहेर काढला होता. कसलाच आवाज आला नाही.

नवरी दुसऱ्या गाडीतून गेली होती, पण दिवाळसणाला लेक-जावयाला आणायला हीच गेली. हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल बदलताना फिल्टरचा कागद कापून उलगडून पाहिला. घड्यांमध्ये तपकिरी प्लास्टिकचे दोन बारीक कण होते, तिळाएवढे. त्याच्या पुढच्या फिल्टरमध्ये एकही नव्हता.