माज नव्हताच तो

मी घोड्यांचा डॉक्टर. पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये एक नऊ वर्षांची घोडी आहे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला यायची आणि डावीकडचा कॅंटर (दुडकीच्या वरची, उड्या घेत पळायची चाल) तर घ्यायचीच नाही. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मीच बसल्या जागी सांगून टाकलं, माजावर असेल, आठवड्यात उतरेल. तीन आठवड्यांनी परत फोन, "डॉक्टर, हिचा माज काय संपेना."

मग मुकाट्याने गेलो. दात बघितले, खूर दाबून बघितले, कडक जमिनीवर दुडकी पळवली, लंगडत कुठेच नव्हती. शेवटी घोड्यांची निगा राखणारे साईस काका म्हणाले, "सायेब, कमरेवर खरारा पण करू देत नाय, आन् शेपटी बघा की, कायम उजवीकडं." अर्धा तास मी तिच्याभोवती फिरत होतो आणि शेपटी काय मला दिसली नव्हती!

गाजर मागवलं. उजवीकडे धरलं तर मान वळवून बरगडीपाशी येऊन खाल्लं. डावीकडे मात्र खांद्यापर्यंतच तोंड आलं, पुढे मान वळेना म्हणून मागचे पाय सरकवून आख्खी घोडीच फिरली. पाठीवरून बोटं दाबत नेली तर खोगिराच्या मागच्या टोकापाशी पाठ एकदम खाली घातली तिने. नुकतीच क्लासवरून आलेली, खोगिराखालचा नमदा काढला तर सगळी पाठ घामाने ओली आणि तिथेच तळहाताएवढा कोरडा डाग, म्हणजे तिथे दाब इतका की घामच येत नव्हता. खोगीर नवीन होतं, लांबीला जास्त. शेवटच्या, अठराव्या बरगडीच्याही दोन बोटं मागे जात होतं.

कायरोप्रॅक्टिक शिकलेल्या एका डॉक्टर मित्राला बोलावलं. त्याने आधी खोगीरच बदलायला लावलं, नाहीतर मी आज मोकळं करणार आणि तुम्ही उद्या परत जाम करणार, म्हणाला. (मागचे पाय भेलकांडत असते किंवा ताजा मार असता तर हातच लावला नसता, हेही म्हणाला.) लोक समजतात तसं हाड बिड बसवणं नसतं हे, जो सांधा हलत नाही तिथे हाताने छोटासा, झटकन धक्का. तिसऱ्या-चौथ्या धक्क्यानंतर घोडीने सैलावून मान खाली टाकली आणि ओठ चघळायला लागली.

दहा दिवस खोगीर बंद, नुसतं हाताने चालवणं आणि रोज दोन्हीकडे गाजर. डावा कॅंटर अजून सुरुवातीला चुकतो. काकांनी परवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यात घोडीचं तोंडच नाही, नुसती शेपटी. मधोमध.