पुढच्या सीटवरचे काका

ऑर्केस्ट्राच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला कोण बसणार हे ठरलेलं असतं. आमच्या गाडीत तिथे ढोलकीवाले काका बसायचे. मी ठाण्यात सतरा सीटर ट्रॅव्हलर चालवतो, गाडी मालकाची, आणि सलग चार सीझन एकाच पार्टीबरोबर फिरलोय, गणपती, नवरात्र, दिवाळी, मग चैत्रातल्या जत्रा. पहिल्या सीझनला सगळे मला 'ओ ड्रायव्हर' म्हणायचे, दुसऱ्याला नावाने हाक मारायला लागले, तिसऱ्याला गायिका ताईंनी भाऊबीजेला ओवाळलं.

लोक विचारतात, मजा असेल ना रोज गाणी ऐकायची. प्रोग्राम चालू असतो तेव्हा मी झोपायचं असतं, कारण तो संपला की माझी ड्युटी चालू. पण मंडपापासून पन्नास फुटांवर गाडी उभी, बेसने पत्रा थरथरतोय, त्यात झोप कुठली लागणार. मग उठायचं आणि हाताला काहीतरी काम घ्यायचं. केबल गुंडाळायला मला ऑक्टोपॅडवाल्या पोराने शिकवलं. कोपराला पीळ देत गुंडाळली की ती आतून तुटते, एक वेढा सरळ घ्यायचा एक उलटा, म्हणजे पुढच्या वेळी फेकली की सरळ पडते. आता केबल माझ्याकडेच असते.

सामान भरताना मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. ड्रमचे स्टँड, लोखंड, जे जे जड ते मागच्या चाकाच्या पुढे आणि खाली. सगळं वजन मागच्या दाराशी टाकलं की 80 च्या स्पीडला गाडी शेपूट हलवते, आणि ते मागे बसलेल्यांना कळत नाही, फक्त स्टेअरिंगला कळतं. कीबोर्ड दोन सीटांच्या मध्ये उभा, फोम लावून. कॅरियरवर फक्त कपड्यांच्या बॅगा ताडपत्रीखाली. ढोलकी कॅरियरवर कधीच नाही, दव लागलं की पान उतरतं, म्हणजे चामडं सैल पडतं. काकांची ढोलकी गोधडीत गुंडाळून त्यांच्या पायाशी, एसीचा झोत तिच्यावर येणार नाही अशी.

आता तो खेळ सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. रात्री बाराच्या पुढे मागे सगळे झोपले की काका डॅशबोर्डवर दोन बोटांनी ठेका धरायचे, अगदी हळू. धागे नाती नक धिन. केरवा, आठ मात्रा. मी प्रत्येक समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, स्टेअरिंगवर अंगठा मारायचा. बास, एवढंच. मी संगीत शिकलेला नाही, पहिले काही दिवस मला सम कुठे येते तेच कळायचं नाही, मग हळूहळू कानाला सवय झाली. मग ते मध्येच दादरा घ्यायचे, सहा मात्रा, बदललेलं मला कळलं की नाही ते बघायचे. गप्पा मारून ड्रायव्हर जागा राहतो असं सगळे समजतात पण माणूस अर्धवट झोपेत सुद्धा हो हो करत राहतो. काका बोलायचे, हो म्हणायला जागं असावं लागत नाही, समेला यायला लागतं.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीला साताऱ्यात प्रोग्राम होता आणि दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशीला ठाण्यात तलावपाळीजवळ दिवाळी पहाट. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्र म्हणजे दहा ते सहा. त्यामुळे साताऱ्यात दहाला माईक बंद, हवालदार स्टेजजवळ घड्याळ बघत उभे होते, आणि ठाण्यात सहाला पहिला सूर. मध्ये सामान उतरवा, भरा, जेवा, अडीचशे किलोमीटर गाडी चालवा, परत उतरवा, लावा, साउंड चेक करा. अशी बुकिंग घेणाऱ्यांनी एकदा तरी पुढच्या सीटवर बसून यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि मी त्या दिवशी फ्रेश नव्हतो. आदल्या रात्री मालकाने शिर्डीची ट्रिप दिली होती, सकाळी आठला ठाण्यात आलो, तीन तास झोपलो आणि साताऱ्याला निघालो. तेव्हा मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तास, लांबच्या रूटला दहा. आमच्या लाईनमध्ये तो कुणाला तोंडपाठ नव्हता, आणि मी ट्रिपला 'नाही' म्हटलं असतं तर सीझनमध्ये गाडी दुसऱ्याच्या हातात गेली असती. म्हणून मालकाला काही बोललो नाही, पार्टीला पण सांगितलं नाही.

पावणेबाराला सातारा सोडलं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की जे वळण आहे तिथे मी पूर्ण जागा होतो, नवले पुलाच्या उतारावर पण. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे बघितले की माझं डोकं फिरतं, इंजिनचा ब्रेक गेला की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो आणि त्या उताराने किती गाड्या खाल्ल्यात ते सगळ्यांना माहितीये. मी तिसऱ्यातच उतरवली. अवघड रस्त्यावर मला कधीच झोप येत नाही. झोप आली ती तळेगावच्या टोलनंतर, एक्स्प्रेसवेवर, सरळ मोकळा रस्ता, काही करायचं नाही, पांढरा पट्टा नुसता येतोय.

काकांचा ठेका चालू होता. एकदम थांबला. मी बघितलं तर ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते. हळूच बोलले, "दोनदा सम गेली."

मी बोललो, "नाही काका, मारला की मी."

मला शंभर टक्के आठवत होतं की मी अंगठा मारलाय. आजही आठवतं. म्हणजे ते दोन-चार सेकंद मी कुठे होतो मला माहीत नाही, आणि 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. मागे अकरा माणसं झोपलेली होती.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि मागे वळून पार्टी चालवणाऱ्या दादांना मोठ्याने ओरडले, "दादा, गाडी थांबवा, पोटात कळ आली, सहन होत नाही." आणि माझ्याकडे न बघता हळूच, "घाटाच्या आधी आत घे."

पुढच्या पंपाच्या आवारात गाडी लावली. पावणेतीन वाजले होते. पार्टीचे दादा खाली उतरले, चिडलेले, जेवणात काय खाल्लं, आधी सांगता येत नव्हतं का, सहाला सूर लागला पाहिजे. काका पंपाच्या कठड्यावर वाकून बसले, सोडा मागवला, बोलले थोडा वेळ द्या. मी सीट मागे टाकली आणि मेल्यासारखा झोपलो. जाग आली ती काचेवर टकटक ऐकून, धागे नाती नक धिन. पावणेचार वाजले होते. काका तासभर त्या थंडीत पोट धरून बसले होते आणि सगळी पार्टी त्यांना बोलत होती.

त्यांनी खरं का सांगितलं नाही ते मला नंतर कळलं. मी पार्टीत यायच्या आधी एका ड्रायव्हरला असंच झोप आली होती तेव्हा दादांनी कीबोर्डवाल्याला गाडी चालवायला बसवलं होतं. त्याच्याकडे फक्त कारचं लायसन्स. काकांना ते घाटात परत नको होतं.

घाट नीट उतरवला, कळंबोली, ठाणे-बेलापूर रोड, विटावा, कळवा पूल, सव्वापाचला जांभळी नाका. पुढे दिवाळी पहाटच्या गर्दीसाठी रस्ता बंद, पोलिसांनी गाडी आत सोडली नाही. साडेचारला आलो असतो तर सोडली असती असं आयोजक चार वेळा बोलले. सगळं सामान हातावर उचलून न्यावं लागलं, नवे कपडे घातलेल्या पोरापोरींच्या गर्दीतून, ताईंनी साडी खोचून स्टँड उचलले. सहाऐवजी पावणेसातला सुरू झालं. आयोजकांनी मानधनातून पाच हजार कापले, आणि दादांनी सगळ्यांसमोर काकांना सुनावलं की आता वय झालंय, बाहेरगावचे दौरे तुम्हाला झेपत नाहीत.

मी तिथे केबल सोडत होतो. सगळं ऐकलं. तोंड उघडलं नाही. मला वाटलं मालकाला कळलं तर मी गेलो, घरी हप्ता चालू आहे, वगैरे वगैरे. काका ढोलकी चढवत होते, बोल्ट फिरवून पानावर बोट मारत होते, त्यांनी मान वर केली नाही.

चैत्रातल्या जत्रांना काका नव्हते. एक नवीन पोरगा होता, हात तयार आहे त्याचा, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण तो मागे बसून मोबाईल बघायचा. माझ्या बाजूला त्या सीझनला कपड्यांची बॅग होती. आता मी शिर्डी करून आलो की दुसऱ्या दिवसाची गाडी घेत नाही, मालक दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला नाही. पण ते काकांना कुठे माहितीये.

जूनमध्ये मी दादांना खरं सांगितलं. डिझेलचा हिशोब द्यायला गेलो होतो, तिथेच सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग बोलले, काका मला एक शब्द बोलले नाहीत. मग बोलले, तू पण नाही बोललास. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांकडे मी गेलो नाही, कळव्याला राहतात, रोज पुलावरून जातो तरी गेलो नाही.

परवा दादांचा फोन आला, यंदा धनत्रयोदशीला कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी पहाट ठेवलेली नाही, संध्याकाळचा प्रोग्राम घेतलाय. मी विचारलं पुढे कोण बसणार. ते बोलले, तू सांग. मी काकांचं नाव घेतलं. थोडा वेळ फोनवर काही आवाज नाही, मग ते बोलले, "ते येतील का पण?"

उद्या सकाळी कोपरखैरण्याची ड्रॉप आहे. रिकामी गाडी परत आणताना कळव्याला थांबणार आहे.