फुकट का टाकतेस, विचारलंत म्हणून

घरी पाहुणे येऊदेत नाहीतर कॉलेजात ज्युनिअर भेटूदेत, प्रश्न ठरलेला. एवढं मरमर करून चित्रं काढतेस आणि नेटवर फुकट टाकतेस, उद्या कोणी टीशर्टवर छापून विकली तर काय करशील? तर काय करणार, खाली माझं नाव टाकलंय का ते बघणार. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अप्लाइड आर्टला आहे आणि शेतीची जुनी अवजारं, घरातली जुनी भांडीकुंडी असलं काय काय काढते, तिफण, कुळव, उखळ, जातं, पाटा-वरवंटा, साधी काळ्या रेघांची चित्रं, झेरॉक्स काढली तरी नीट दिसतील अशी. ती विकिमीडिया कॉमन्सवर जातात, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या चित्र-फोटोंच्या साइटवर. कारण आमच्या ओळखीच्या झेडपी शाळेतल्या गुरुजींना वर्कशीटसाठी तिफण हवी होती आणि गुगलवर मिळालं ते एकतर धुरकट नाहीतर मधोमध कुणाचातरी वॉटरमार्क.

आता लोकांना वाटतं की नेटवर टाकलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं. तसं अजिबात नसतं. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट अ‍ॅक्ट आहे, चित्र कागदावर उतरलं की हक्क तुमचा, रजिस्ट्रेशन करा नाहीतर नका करू. आणि तो हयातभर, वर मेल्यानंतर ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११पासून त्यांचं लिखाण कुणालाही छापता येतं, पुस्तक प्रदर्शनात त्यांचं एकच पुस्तक वेगवेगळ्या प्रकाशकांचं, वेगवेगळ्या किमतींना दिसतं ते यामुळेच. म्हणजे मी काहीच न लिहिता तिफण टाकली तर वर्गात शिकवताना वापरायला शिक्षकांना कायद्यात सूट आहे, पण त्याच वर्कशीटची पुस्तिका छापून तालुक्यात वाटायची म्हटली की गुरुजी अडले, मला शोधा, परवानगी मागा. चोराला यातलं काहीच आडवं येत नाही, तो उचलायचं ते उचलतोच. आडवं येतं ते विचारून घेणाऱ्या माणसाला. मला हे पटलं आणि मग लायसन्स, म्हणजे कुठल्या अटींवर वापरा ते आधीच लिहून दिलेली परवानगी, काय असतात ते वाचायला बसले.

क्रिएटिव्ह कॉमन्स नावाची संस्था २००१ साली निघाली, पुढच्या वर्षी त्यांनी तयार लायसन्स आणली. अटी चारच आहेत, नाव द्या, बदल केलात तर तुमचंही याच लायसन्सखाली ठेवा, धंद्यासाठी वापरू नका, बदलू नका. यांच्या जोड्या लावून सहा लायसन्स होतात आणि नाव देणं सहाही ठिकाणी आहेच. नवशिके सगळे (मीपण) आधी ‘धंद्यासाठी नको’वरच बोट ठेवतात, वाटतं वा, सेफ आहे. पण बघा, गुरुजींची पुस्तिका छपाईचा खर्च काढायला वीस रुपयांना ठेवली तर तो धंदा का? जाहिराती छापणाऱ्या पेपरनं शेतीच्या लेखात चित्र लावलं तर? यावर वाद घालत बसा मग. शिवाय विकिमीडिया कॉमन्सवर ती अट चालतच नाही, म्हणजे विकिपीडियाच्या लेखातही चित्र जाणार नाही. ज्यांना द्यायचंय तेच बाहेर राहत असतील तर माझ्या मते ती अट शाळेच्या चित्रांना निरुपयोगी आहे. म्हणून मी क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय-एसए ४.० लावते, नाव द्या आणि तुम्ही केलेला बदलही पुढच्यांना खुला ठेवा. टीशर्टवाल्यानं माझ्या जात्यावर रंग भरून काही नवं केलं तर ते डिझाइनही मग सगळ्यांना खुलं, मलासुद्धा.

नाव देत नसेल तर काय, हेही विचारतात. तर अट मोडली की त्याची परवानगी आपोआप संपते, मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परत मिळते, त्यामुळे आधी साधा मेसेज करायचा, भांडण नंतर.

आणि लायसन्स लावलं म्हणजे हक्क सोडला असं नाही हो! चित्र माझंच आहे. एखाद्या प्रकाशकाला ती ‘तुमचंही खुलं ठेवा’वाली अट नको असेल तर त्यानं मला विचारावं, तेच चित्र मी पैसे घेऊन वेगळ्या अटींवर देऊ शकते. फुकटचं म्हणजे हलकं असंही कुणी समजू नका, तुम्ही फोनवर बॅनर बनवताना जो मुक्ता किंवा बालू फॉन्ट लावता तो मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी ओपन लायसन्सवर दिलाय, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवरच्या मराठी गोष्टीसुद्धा अशाच.

ज्युनिअर लोकांसाठी थोडं वेगळं सांगते. जे तुमचं नाहीच त्याला लायसन्स लावता येत नाही. दुसऱ्याच्या फोटोवरून जशीच्या तशी ट्रेस केलेली रेघ तुमची नाही, ग्रुप प्रोजेक्ट असेल तर सगळ्यांची हो लागते. वारीत काढलेला फोटो तुमचा, पण त्यातल्या माउलींचा चेहरा त्यांचा आहे, उद्या तो कुठल्या तेलाच्या जाहिरातीत दिसला तर लायसन्समुळे त्यांची परवानगी मिळालेली नसते, म्हणून मी माणसांचे क्लोजअप विचारल्याशिवाय टाकतच नाही. स्पर्धेचे फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, पुष्कळ ठिकाणी बारीक अक्षरात सगळे हक्क आयोजकांचे असं असतं आणि बक्षीस एक सर्टिफिकेट. आणि एकदा खुलं केलेलं परत बंद होत नाही, तुम्ही फाइल काढून टाकाल पण ज्यानं त्या अटींवर घेतली त्याची परवानगी तशीच राहते. सगळं एकाच दिवशी टाकायची घाई कशाला मग? लग्नपत्रिकांसाठी काढलेली चित्रं मी अजून कुठेच टाकलेली नाहीत, त्यांवर माझी फी निघते, आणि ती फुकट का देत नाहीस असं मात्र मला कुणीच विचारत नाही.