आमची पद्मिनी आणि दारातली स्विफ्ट

नवी स्विफ्ट घेऊन महिना झाला, तरी गिअर बदलताना माझा डावा हात अजून स्टिअरिंगच्या दांडीकडे जातो. भर उन्हात वायपर सुरू होतात आणि मुलगी खिदळते.

दोष बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा. कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीची, चार गिअर, तेही स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढे सलग बाक. चिपळूणला जाताना आई-बाबांच्या मधे मी, मांडीवर डब्यांची पिशवी. सीटबेल्ट हा शब्दही घरात नव्हता! आज सहा एअरबॅगांच्या गाडीत बसून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

गंमत म्हणजे दोघींची लांबी चार मीटरच्या आतच. पण पद्मिनी अंगाने दीड मीटरही नव्हती. मागे तिघं बसले की खांद्याला खांदा. एसी कुठला, पुढची त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट तोंडावर. ती काच मात्र आज हवी होती.

थंडीत बाबा चोक ओढून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहायचे. स्विफ्ट बटण दाबलं की सुरू. ऐकायला काही उरतच नाही.