अभिनंदनाचे दोन शब्द

आज माझ्यानंतर रुजू झालेल्या एका सहकाऱ्याला बढती मिळाली आणि अभिनंदनाचे दोन शब्द लिहायला मला तब्बल वीस मिनिटे लागली. त्यानंतर तासाभरातच हाताखालच्या एका मुलाकडून आकड्यांची किरकोळ चूक झाली, तेव्हा मी सर्वांदेखत त्याच्यावर असा काही बरसलो की त्याच्या हातातला कागद थरथरताना मला स्पष्ट दिसला. षड्रिपूंमध्ये क्रोध दुसरा आणि मत्सर शेवटचा मोजतात. आज मात्र मत्सर आधी आला आणि क्रोधाचे सोंग घेऊन बाहेर पडला. राग निदान लपत नाही, कारण ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, आवाज चढतो. मत्सर शिस्तीची आणि तत्त्वाची भाषा बोलतो (माझीही शिस्तीचीच होती), म्हणून तो ओळखू येत नाही. भावकीतले तंटे काय किंवा दोन समाजांतले वैर काय, ‘त्याला मिळाले, मग मला का नाही’ हा हिशेब त्यांच्या मुळाशी पुष्कळदा असतो. दुपारी तोच मुलगा दुसऱ्या कुणावर तरी खेकसला. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. तो हसला, पण कागद माझ्यापुढे ठेवताना त्याने हात चटकन मागे घेतला.