ओ म्हणून नोंदलेलं रक्त

आज सांगलीत विश्रामबागला रक्तदान शिबिरात दिवसभर नोंदणीच्या टेबलावर होतो. शेजारी टेक्निशियन ताई काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात निळं अँटी-ए आणि पिवळं अँटी-बी ही तपासणीची द्रावणं मिसळत होत्या. कुठल्या थेंबात गुठळ्या होतात त्यावरून गट कळतो. बी पॉझिटिव्ह तर एकामागून एक येत होते. आपल्या देशात ओ आणि बी हेच मोठे गट. युरोपात बी कमी आणि ए भरपूर. आरएच निगेटिव्ह तिकडे शंभरात १५ च्या आसपास, आपल्याकडे जेमतेम ५. म्हणून निगेटिव्हवाल्यांचे नंबर आवर्जून वेगळे लिहून घेतले.

पण मला खरा घोर बॉम्बे गटाचा. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. भारतात साधारण १०,००० मध्ये एक, युरोपात दहा लाखांत एक. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटिजेनच, म्हणजे ए आणि बी ज्यापासून बनतात तो मूळ पदार्थच, नसतो. त्यामुळे काचपट्टीवर ते सरळ ओ दिसतात, पण ओ रक्तात एच असतो आणि यांचं शरीर त्यावर हल्ला करतं, म्हणून त्यांना ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्यांना फक्त बॉम्बेच चालतं. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच दिसतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत किती आहे, ते सांगायला नको.

ओ गटवाल्यांनो, सीरमची (रक्तातल्या द्रवाची) आणि पेशींवर एच आहे का ते पाहणारी अँटी-एच तपासणी झाली आहे का, हे रक्तपेढीत नक्की विचारा. घरात कोणी बॉम्बे निघालं, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या. तिथे शक्यता निदान चारात एक असते.