तुम्ही विचारलंत म्हणून: ॲव्हरेज जास्त असूनही हरतात कसे?

इव्होल्युशनरी गेम थिअरीत (इतर काय करतायत ते धरून, वागण्याची कुठली रीत म्हणजे स्ट्रॅटेजी पिढ्यानपिढ्या टिकते याचं गणित) काम करते असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: वातावरण रँडम बदलतंय तर बदलू दे की, चांगल्या-वाईट वर्षांचं ॲव्हरेज काढा, ज्या स्ट्रॅटेजीचं जास्त ती जिंकली, त्यात एवढं काय? सुरुवातीला मीही हेच धरून चालले होते, त्यामुळे राग येत नाही.

मेनार्ड स्मिथ आणि प्राइस या संशोधकांनी १९७३ मध्ये ईएसएसची (इव्होल्युशनरिली स्टेबल स्ट्रॅटेजी) कल्पना मांडली, म्हणजे सगळ्यांनी उचलली की दुसरी कुठलीही आत घुसू शकत नाही अशी स्ट्रॅटेजी. त्यात कोणाशी भिडलं तर काय मिळणार हे ठरलेलं होतं. ते दरवर्षी बदलायला लागलं की गोची होते.

समजा जीवांची एक जात चांगल्या वर्षी १.५ पट होते, वाईट वर्षी ०.६ पट, आणि दोन्ही वर्षं सारखीच शक्य आहेत. ॲव्हरेज १.०५, म्हणजे दिसायला वाढ. पण १०० पासून सुरू केलं तर एका चांगल्या वर्षाने १५० होतात आणि पुढच्या वाईट वर्षाने ९०, आणि अशी १० चांगली १० वाईट वर्षं गेली की उरतात साधारण ३५, मग ती कुठल्याही क्रमाने येऊ देत. बाजूला कायम १ पटीवर बसलेली कंटाळवाणी जात अजून १०० वरच असते! ॲव्हरेज खोटं नाहीये, पण ते थोड्याशा नशीबवान इतिहासांनी वर ओढलेलं असतं आणि आपल्या वाट्याला सहसा तो इतिहास येत नाही.

आता लोक इथेच घाई करतात, म्हणून जरा थांबते. हे होतं ते वाईट वर्ष सगळ्यांना एकदमच लागतं म्हणून. प्रत्येकाचं नशीब वेगवेगळं असतं, म्हणजे त्याच वर्षी अर्ध्यांना १.५ आणि अर्ध्यांना ०.६, तर मोठ्या संख्येत साधं ॲव्हरेजच चाललं असतं आणि जात खरंच वाढली असती. आकडे तेच, रिस्कही तेवढीच, फरक फक्त एकत्र बुडण्याचा.

डॅन कोहेन या संशोधकांनी १९६६ मध्ये वाळवंटातल्या एक वर्ष जगणाऱ्या झाडांच्या बियांचा हिशोब केला तो याच धाटणीचा. पाऊस चुकला की रुजलेलं सगळं मरतं, म्हणून काही बिया मातीत झोपूनच राहतात. चांगल्या वर्षी पीक भरपूर येत असेल आणि झोपलेल्या बिया सहसा मरत नसतील तर १० पैकी ७ वर्षं चांगली असताना साधारण ७०% बियांनी रुजावं असं उत्तर येतं. मला हे अजूनही भारी वाटतं.

पण यात अजून गेम, म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असणं, आलाच नाही. जागा आणि पाणी मोजकंच असेल तर रुजण्याचा फायदा त्या वर्षी बाजूला किती रुजलेत त्यावर जातो, गर्दी असेल तर कमी आणि मोकळं असेल तर जास्त, म्हणजे माझ्या बियांनी किती झोपायचं हे शेजारच्या बिया किती झोपतायत त्यावर, आणि त्यांचं माझ्यावर.

म्हणून ॲव्हरेज आम्हीही काढतोच, फक्त वाढीच्या लॉगचं (वर्षावर्षाची वाढ गुणाकाराने जाते आणि लॉग घेतला की त्याची बेरीज होते; १ पटीचा लॉग शून्य), आणि तेही जुन्या लोकांच्या गर्दीत नव्याने घुसलेल्या मूठभरांचं. ते शून्याच्या वर गेलं की जुन्यांची स्ट्रॅटेजी ईएसएस नव्हती.